चालू असलेली औषधं : नाही

४ जून, बुधवार

डॉक्टरीनबाईंनी सांगितलंय, रोज चार ओळी लिहायच्या. गोळी किती वाजता घेतली, झोप किती तास लागली, मनात काय आलं. मी म्हणालो, बाई, मी ट्रक चालवतोय, माझ्या मनात डिझेल आणि डायव्हर्जन सोडून काय येणार? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, मग तेच लिहा.

ही डायरी खताच्या दुकानदारानं दिलेली, गेल्या सालची. तारखा खोडून लिहितोय. पहिल्या पानावर नाव, पत्ता, रक्तगट, काही आजार असल्यास तो, अशा रेघा आखल्यात. नाव लिहिलं, आकाराम. काम ड्रायव्हर, गाव मुरगूड. पुढच्या रेघा कोऱ्या सोडल्या. खतवाल्याला माझा आजार कळून काय करायचंय?

सकाळी अर्धी गोळी, रात्री एक. झोप सहा तास. जानेवारीत दीड तास लागत होती. मार्चात गोळ्या सुरू झाल्या, पहिले तीन आठवडे बाईंनी स्टेअरिंगला हात लावू दिला नव्हता. मग तपासून, खोदून खोदून विचारून गाडीवर जायला परवानगी दिली. एप्रिलपासून चालवतोय, गाडीला ओरखडा नाही.

दवाखान्याचा केसपेपर गाडीच्या फाईलीत ठेवलाय, इन्शुरन्स आणि पीयूसीच्या मधे. बायको म्हणाली, घरात कपाटात ठेवा की. आक्काताईला रस्त्यावरचं काय ठाऊक? बावीस वर्षांत मी एकच गोष्ट शिकलो, कागद गाडीत पाहिजे. घरच्या कपाटातला कागद वाटेत कुणाला दाखवणार? गोळ्या संपल्या, चक्कर आली, पोलिसानं गोळ्यांचं विचारलं, की फाईल उघडायची आणि दाखवायचा.

१० जून, मंगळवार

चाकणहून परत आलो. शिरोलीतनं कास्टिंगचा माल भरून गेलतो. बरोबर शहजाद. कागलचा, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, बारा वर्षं एका केबिनीत आहोत. त्याची बायको सना डबा देते तो दोघांचा असतो, त्यातलं मटण तो मला आधी वाढतो आणि मग माझ्या ताटातनं उचलून खातो.

आमचा एक कायदा आहे. एक जण चालवायला बसला की किणी टोल येईपर्यंत दुसऱ्यानं झोपायचं नाही. गप्पा मारायच्या, त्याचा हात, डोळा बघायचा. टोल ओलांडला की मागं बर्थवर जाऊन खुशाल घोरायचं. हा कायदा शहजादनं काढला आणि आम्ही एकदाही मोडला नाही.

बाई म्हणाल्या ती गोष्टही लिहा. लिहितो. डिसेंबरात कराडच्या अलीकडं एक मोटरसायकल खडीवरून घसरली. मागं बसलेली बाई माझ्या पुढ्यात पडली. ब्रेक मारला. गाडी थांबली, पण थांबायच्या आधी जे व्हायचं ते झालं. पोलिसांनी लिहिलं, ट्रकवाल्याची चूक नाही. तिच्या हातातला जेवणाचा डबा होता, त्याचं झाकण डांबरावरनं वाजत वाजत लांब गेलं. शहजादनं मला खाली उतरू दिलं नाही. त्यानंच तिच्यावर स्वतःची चादर घातली. नंतर घरात ताट पडलं तरी मला घाम फुटायचा. डॉक्टरीनबाईंचा पत्ता पण शहजादनंच काढला.

ही गोष्ट तीन माणसांना ठाऊक आहे. बाई, आक्काताई आणि शहजाद. चौथ्याला कळायचं कारण नाही. ड्रायव्हर डोक्याच्या गोळ्या खातो म्हटलं की लोकांना वाटणार, हा आता गाडी विहिरीत घालतोय.

१७ जून, मंगळवार

ऑफिसात सगळ्या ड्रायव्हरांना बोलावलतं. धैर्यशीलदादांनी एकेक फॉर्म दिला. हे मालकांचे भाचे, आता मॅनेजर, पुण्याला शिकून आलेत. आम्हाला मामा म्हणतात. म्हणाले, "चाकणच्या पार्टीचा नियम हाय मामा. आरोग्य माहिती. आठ दिवसांत भरून द्या."

चार पानं. बीपी हाय का, साखर हाय का, फिट येते का, मानसिक उपचार झालेत का. घरात कुणाला काय आजार. चालू असलेली औषधं, नावानिशी. शेवटच्या पानावर सही करायची, की माझ्यावर उपचार करणाऱ्या कुठल्याही डॉक्टरानं माझी सगळी माहिती कंपनीला दिली तर माझी हरकत नाही.

एका म्हाताऱ्या ड्रायव्हरानं तिथंच मोठ्यानं विचारलं, "मूळव्याध लिहायचा का वो?" धैर्यशीलदादा म्हणाले, सगळं लिहायचं. तो म्हणाला, "मग फोटो पण लावतो." सगळे हसले. मीही हसलो.

शहजाद बाहेर म्हणाला, "दादा, तू सही करू नकोस. आधी बाईंना विचार."

२० जून, शुक्रवार

बाईंकडं जाऊन आलो. फॉर्म चारही पानं वाचला त्यांनी. म्हणाल्या, "आकाराम, गाडी चालवायला तुम्ही योग्य आहात की नाही, एवढं विचारायचा त्यांना अधिकार आहे. त्याचं सर्टिफिकेट मी देते. कुठला आजार, कुठली गोळी, हे तुमचं आहे. मानसिक उपचारांची माहिती तुमच्या संमतीशिवाय मला कुणालाही देता येत नाही, तसा कायदा आहे. शेवटच्या पानावर सही करायची सक्ती नाही."

मी विचारलं, "आणि सही न्हाय म्हणून कामावरनं काढलं तर?"

बाई म्हणाल्या, "मग तक्रार करायची. मी तुमच्याबरोबर येईन."

बाई सरळ आहेत. तक्रार करणारा ड्रायव्हर परत कुठल्या ट्रान्सपोर्टात दिसलाय का, हे त्यांना कोण सांगणार? पण सर्टिफिकेट घेतलं. घरी येताना बरं वाटत होतं. माझ्याच अंगावरचा माझा हक्क कुणीतरी कागदावर लिहून ठेवलाय हे मला ठाऊक नव्हतं.

२५ जून, बुधवार

मिटलं. उगाच आठ दिवस जीव टांगणीला लावला.

सर्टिफिकेट दिलं. फॉर्मचं पहिलं पान भरलं, बाकीवर रेघ मारली, सही केली नाही. बोलायची वाक्यं पाठ करून गेलतो. धैर्यशीलदादांनी चहा मागवला, सर्टिफिकेट बघितलं, म्हणाले, "चालतंय की मामा. तुमच्यावर काय अविश्वास हाय व्हय?" माझी पाठ केलेली वाक्यं वाया गेली.

वर म्हणाले, "गाडी उद्या आरटीओत पासिंगला न्यायची हाय. फाईल तेवढी देऊन जावा." लगेच गाडीतनं फाईल काढून टेबलावर ठेवली. त्यांनी रिकाम्या हाती उठू दिलं नाही, बिस्किटाचा पुडा दिला घरी न्यायला. लोक उगाच त्यांना आतल्या गाठीचा म्हणतात. माणूस चांगला आहे. शिकलेला माणूस असा असतो.

झोप साडेसहा तास.

३ जुलै, गुरुवार

बोर्डावर गाडीपुढं शहजादचं नाव आणि दुसरं नाव भलत्याच माणसाचं. मला वाटलं चुकून झालं.

धैर्यशीलदादांनी आत बोलावलं, दार लावून घेतलं. म्हणाले, "मामा, तब्येत जपा. थोडं दिवस गेटवर बसा, आवक-जावक लिहा." मी म्हणालो, तब्येतीला काय झालंय, सर्टिफिकेट दिलंय की. ते हसले. म्हणाले, "मला सगळं ठाऊक हाय. अर्धी सकाळी, एक रात्री. लपवून काय मिळालं तुम्हाला?" आणि दोन्ही गोळ्यांची नावं घेतली. मला ती नावं अजून नीट म्हणता येत नाहीत.

दार उघडून बाहेर आलो तेव्हा यार्डात सगळे जण एकदम आपापल्या चाकांकडं बघायला लागले.

बाईंना फोन केला. त्यांनी शपथेवर सांगितलं, माझ्याकडनं एक शब्द गेला नाही, हे ऑफिसला कुणी सांगितलं ते लेखी मागा. बाई खोटं बोलणार नाहीत. आक्काताई ऑफिसची पायरी चढलेली नाही.

राहिला कोण?

५ जुलै, शनिवार

आज जे झालं ते लिहायचं नव्हतं.

शहजाद फेरी करून आला. गेटवर माझ्याकडं आला, खिशातनं घडी केलेला केसपेपर काढला. म्हणाला, "दादा, तुझा कागद. पासिंगवरनं फाईल आली तवा सगळ्यात वरच होता. घरी ठेव आता."

म्हणजे ह्यानं वाचलाय. गोळ्यांची नावं ह्याच कागदावर आहेत. ऑफिसची पोरं तर अशी, पासिंगचं काम झालं की कागद उलटेसुलटे कोंबून फाईल फेकतात, त्यांना वाचायला सवड कुठली? वाचणारा हाच.

मी उठलो. सगळ्या यार्डासमोर म्हणालो, "किती दिवस वाट बघत होतास? गाडी तुझ्या एकट्याच्या नावावर पाहिजे होती व्हय?"

त्याला आधी कळलंच नाही. मग म्हणाला, "दादा, मी? अरे, ती फाईल..."

मी त्याला बोलू दिलं नाही. म्हणालो, "तुम्ही लोकं असलीच. बारा वर्षं मीठ खाल्लंस, आणि..."

तुम्ही लोकं. बारा वर्षांत हा शब्द माझ्या तोंडात आला नव्हता. कुठनं आला, देव जाणे. शहजादनं डबा उचलला आणि गेला. त्यात माझाही वाटा असतो.

चुकलं असेल शब्दात. पण राग खरा होता. ज्यानं केलंय त्याला लागणारच.

केसपेपर कपाटात ठेवला, आक्काताईच्या साड्यांखाली.

१४ जुलै, सोमवार

गेटवरची खुर्ची. गाडी आली, नंबर लिहा, गाडी गेली, नंबर लिहा. परवा टायर बदलायला पोरांनी टॉमी मागितली. मी उचलून द्यायला गेलो तर एक जण लगबगीनं पुढं आला आणि माझ्या हातातनं काढून घेतली. "राहू दे मामा, तुम्ही बसा." लोखंडी टॉमी माझ्या हातात बघून त्याला भ्या वाटलं. बावीस वर्षं ज्या यार्डात टायर बदलले तिथं.

गावात पण पोचलंय. आक्काताईला डेअरीच्या रांगेत एकीनं विचारलं, "पावण्यांचं कसं हाय आता? एकटं सोडत न्हाईसा नव्हं?" ती दूध न घालताच घरी आली. रात्री जेवताना म्हणाली, "अवो, तुमचा कागद कुठं असायचा?"

"गाडीत."

"आणि फाईल ऑफिसात कोण कोण बघतंय?"

"गाडीची फाईल गाडीच्या कामाला लागती. तुला काय कळतंय? गप जेव."

गप जेवली. बाई माणूस शंका काढत बसतं. शहजादनं कागद स्वतःच्या हातानं आणून दिला, ह्याच्याहून मोठा पुरावा काय पाहिजे?

२१ जुलै, सोमवार

धैर्यशीलदादांनी बोलावलं. म्हणाले, "मामा, मला पण वाईट वाटतंय. तुमच्यासारखा हात दुसऱ्याचा न्हाय. एक मार्ग हाय. गोळ्या बंद करा. महिन्यानं रक्त, लघवी तपासू. साफ आलं की नवीन फॉर्म भरा, औषधं न्हाय म्हणून. मग गाडी तुमचीच."

मी म्हणालो, बाईंना विचारतो. ते म्हणाले, "बाईंना गाडी चालवायची हाय का तुम्हाला?"

बरोबर आहे. बाई चांगल्या आहेत, पण गेटवर त्या बसत नाहीत. आणि महिने झाले की गोळ्यांना. किती दिवस खायच्या? माणूस कधीतरी बरा होतोच की.

२३ जुलै

कालपासून बंद. एकदम. आक्काताईला सांगितलं, बाईंनीच कमी करायला सांगितल्यात. झोप पाच.

२८ जुलै

झोप तीन. उकाडा आहे.

६ ऑगस्ट

झोप दोन. बाईंचे दोन फोन आले. उचलले नाहीत.

आक्काताईनं घरात प्लॅस्टिकची ताटं आणलीत. स्टीलची माळ्यावर टाकली. मी काही बोललो नव्हतो. संध्याकाळी परड्यात जाऊन कुणाशी तरी फोनवर बोलत होती, डोळे पुसत होती. मला बघून फोन ठेवला. माहेरी काहीतरी झालं असणार.

१३ ऑगस्ट

झोप बरी.

आक्काताई म्हणते मी पहाटे उठून अंगणात पाय दाबत होतो, उजवा, ब्रेकचा. मला आठवत नाही. स्वप्नात सगळेच ड्रायव्हर ब्रेक मारतात.

२० ऑगस्ट, बुधवार

साफ. रक्त साफ, लघवी साफ. धैर्यशीलदादांनी रिपोर्ट माझ्यासमोर धरला, जणू माझा दहावीचा निकाल लागलाय.

नवीन फॉर्म भरला. मानसिक उपचार : नाही. चालू असलेली औषधं : नाही. आणि हे खरंच आहे, एक महिना एक गोळी नाही. शेवटच्या पानावर सही मागितली तीही केली. आता लपवायला काय आहे माझ्याकडं? माहिती घ्या म्हणावं, पाहिजे तेवढी.

शनिवारची फेरी माझी. दुसरा कोण विचारलं तर म्हणाले, "कोणच तयार नव्हतं मामा, खरं सांगायचं तर. शहजादनं स्वतः येऊन नाव लिहिलं."

बघा. मन खातंय त्याचं. केलेलं निस्तरायला आलाय. मी काही बोलणार नाही, पण सहजासहजी सोडणारही नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

पेठ नाक्याच्या पुढं चहाला थांबलोय. सकाळचे नऊ. बावन्न दिवसांनी स्टेअरिंग हातात आलं. निघताना चाकाला नारळ फोडला, डोळ्यांत पाणी आलं, कुणी बघितलं नाही.

शहजाद कामापुरतं बोलतो. किणी टोल गेला तरी मागं गेला नाही. मी म्हणालो, "जा की, झोप." म्हणाला, "न्हाय येत झोप." डाव्या सीटवर बसून एकसारखा माझ्या हाताकडं बघतोय. आमचा कायदा टोलपर्यंतचा आहे. ह्याला ऑफिसनं माझ्यावर पाळत ठेवायला बसवलाय, दुसरं काय? जाऊन सांगेल तिकडं. सांगू दे. माझा हात एकदम स्थिर आहे. आत्ता अक्षर वाकडं येतंय ते टेबल डुगडुगतंय म्हणून.

पुढं कराड.

२८ ऑगस्ट, गुरुवार

मला खरचटलंय फक्त. कपाळाला तीन टाके.

शनिवारी कराडच्या अलीकडं पुढं एक मोटरसायकल होती. मागं बाई बसलेली, मांडीवर पिशवी. ती पडली. मी बघितलं पडताना. स्टेअरिंग डावीकडं मारलं. रस्त्याचं काम चालू आहे तिथं काँक्रीटचे ठोकळे लावलेत, त्यावर गाडीची डावी बाजू गेली. मागचा माल पुढं सरकला.

ती बाई पडलीच नव्हती. मोटरसायकल तशीच पुढं निघून गेली, त्यांनी मागं वळूनही बघितलं नाही.

शहजाद डाव्या सीटवर होता. चेपलेल्या केबिनीतनं पाय काढायला दीड तास लागला. शुद्धीवर होता तो. मी त्याचा हात धरून बसलो होतो आणि तो मलाच म्हणत होता, "दादा, बाई बरी हाय. गेली ती. मी बघितलंय, गेली." दवाखान्यात डावा पाय गुडघ्याखालून कापला.

३० ऑगस्ट, शनिवार

गुन्हा नोंदला, जामीन झाला. आज पोलीस ठाण्यात जबाब होता. साहेबांनी दोन कागद पुढं ठेवले, ट्रान्सपोर्टनं दिलेले. एक माझा फॉर्म, औषधं नाही लिहिलेला. दुसरा माझ्या केसपेपरचा झेरॉक्स. साहेब म्हणाले, "ड्रायव्हरनं आजार लपवला, आम्हाला काहीच कल्पना नव्हती, असं कंपनी म्हणतेय. हा कागद त्यांना अपघातानंतर गाडीच्या फाईलीत मिळाला."

मी म्हणालो, "साहेब, तो कागद पाच जुलैपासून माझ्या कपाटात हाय. बायकोच्या साड्यांखाली."

"मग झेरॉक्स कुठनं आला?"

फाईल माझ्या हातनं फक्त एकदाच गेली होती. पंचवीस जूनला. मी स्वतः गाडीतनं काढून धैर्यशीलच्या टेबलावर ठेवली होती, आणि त्याचा चहा पिऊन, बिस्किटाचा पुडा घेऊन घरी आलो होतो.

साहेबांनी पाणी मागवलं. मला विचारलं, बरं वाटत नाही का. मी बाहेर आलो.

बाईंना फोन केला. मला वाटलं ओरडतील. त्यांनी विचारलं, "झोप किती होतेय?" मी तिथंच रस्त्यावर रडलो. त्या म्हणाल्या, त्यांनी चोरून कागद घेतला आणि त्यावरून गाडीवरनं काढलं, हे दोन्ही बेकायदा आहे, लेखी तक्रार करू. आणि गोळ्या आज रात्रीपासून सुरू करा, सुरुवातीला अर्धी. गाडी चालवायची नाही हे सांगायला पाहिजे का? मी म्हणालो, नको.

३१ ऑगस्ट, रविवार

आक्काताईला घेऊन दवाखान्यात गेलो. सना पलंगाशेजारी स्टुलावर. तिनं मला बघून मान फिरवली, मग उठून स्टूल माझ्याकडं सरकवलं.

मी म्हणालो, "शहजाद, तू न्हवतास. फाईल पासिंगला दिली तवा त्यांनी झेरॉक्स काढला. मी लेका तुझ्यावर..."

तो म्हणाला, "मला ठाऊक हाय की. तेच सांगत होतो त्या दिवशी."

"मग नंतर का न्हाय सांगितलंस? पाया पडलो असतो तुझ्या."

"तू म्हणालास ना, तुम्ही लोकं. घरी गेलो. म्हटलं, आता काय सांगायचं ह्याला? राहून गेलं मग."

मी विचारलं, मग गाडीवर नाव कशाला लिहिलंस? त्यानं आक्काताईकडं बघितलं. ती पदर तोंडाला लावून उभी होती. म्हणाला, "वहिनींचा फोन आलता. गोळ्या सोडल्यात, झोपत न्हाईत, म्हणाल्या. ऑफिसला सांगितलं असतं तर तुझी गाडी गेली असती परत. बाईंना सांगितलं असतं तर तू वहिनींना बोलला असतास. म्हटलं, शेजारी बसतो. टोल झाला तरी बसतो."

त्याचा हात हातात घेतला तर अंगठ्याच्या नखाशी अजून निळी शाई. शहजाद बारावी झालाय, झोकदार सही करतो, अंगठा कशाला उठवेल? सना म्हणाली, "ऑपरेशन झालं त्या संध्याकाळी मॅनेजर आलते. हे गुंगीतच होते. म्हणाले, इन्शुरन्ससाठी पाहिजे. त्यांनीच हात धरून अंगठा घेतला. मला काय सुचत होतं भाईजान तवा?" उशीखालनं तिनं त्याची एक प्रत काढली.

चार पानं. तोच फॉर्म. मी शेवटचं पान मोठ्यानं वाचलं. माझ्यावर उपचार करणाऱ्या कुठल्याही डॉक्टरानं माझी सर्व माहिती कंपनीला दिल्यास माझी हरकत नाही. खाली अंगठा, सरकलेला.

मी म्हणालो, उद्या बाईंना घेऊन जातो, माझ्याबरोबर तुझी पण तक्रार देतो, हा कागद रद्द करून आणतो. शहजाद ऐकत होता. चादरीखाली एक पाय दिसत होता आणि शेजारी चादर सपाट होती. त्यानं तिकडं बघितलं आणि म्हणाला, "पाय न्हाय हे कळायला डॉक्टरला कशाला विचारायला पाहिजे रं त्यास्नी?"

मला हसू आलं. आवरलंच नाही. तोही हसायला लागला, टाके दुखतात म्हणून मांडी धरून, केबिनीत हसायचो तसाच. सना उठून बाहेर गेली. आक्काताई तिच्या मागं गेली.